कुजबुजे गप्प बसतात

कुजबुजेंचं खरं नाव आता फक्त विम्याच्या कार्डावर उरलं होतं. नाटक कंपनीत त्यांनी उभी हयात प्रॉम्प्टर म्हणून काढली. विंगेत उभं राहायचं आणि नट अडला की त्याला पुढचं वाक्य पुरवायचं, तेही असं की नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेत बसलेल्याला जाऊ नये. नुसतं हळू बोलून हे जमत नाही. हळू बोलणारे जगात ढिगानं आहेत, त्यांचं कुणालाच काही कळत नाही. कुजबुजे ओठ न हलवता, सोडलेल्या श्वासावर शब्द ठेवून पाठवायचे आणि तो ज्याचा त्याच्या कानात जाऊन पडायचा. कंपनीतल्या कुणीतरी गमतीनं त्यांना कुजबुजे म्हटलं, आणि मग पगारही त्याच नावानं व्हायला लागला.

त्यांची बायको त्याच कंपनीची नायिका. तिला सगळे बाई म्हणत, कुजबुजेसुद्धा. बाईंचं पाठांतर पहिल्यापासून यथातथाच. आपल्याला रूप आहे, आवाज आहे, चाल आहे, एवढं सगळं आणल्यावर पुन्हा पाठांतरही आपणच करायचं, हा त्यांना सरळसरळ अन्याय वाटे. वाक्य अडलं की त्या मान उजवीकडे केसभर वळवत आणि कुजबुजेंचा शब्द हजर होई. समोर बसलेल्यांना वाटे, काय हा विराम! काय ही जाण! त्या विरामांचं वर्तमानपत्रांत कौतुक छापून यायचं. अशाच एका केसभर वळलेल्या मानेपायी आपण लग्नाला उभे राहिलो, असं कुजबुजे स्वतः सांगत.

कंपनी बंद पडून जमाना झाला. नाट्यगृहाच्या जागी फर्निचरचं दुकान आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नवराबायको राहत होते आणि बाई आता वाक्यांच्या पलीकडचंही विसरू लागल्या होत्या. पण हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुजबुजे होते. जिन्यात शेजारीण भेटली की बाईंच्या उजव्या कानामागून तिच्या लेकीचं नाव यायचं. दुकानात उभं राहिलं की काय घ्यायला आलो ते यायचं. शेजारीण तर सगळ्यांना सांगायची, या वयातही काय लख्ख डोकं आहे बाईंचं! कुजबुजे हे ऐकून सुखावायचे. माणूस कशानं सुखावेल ते सांगता येत नाही.

भानगड झाली ती त्यांच्या खुब्यामुळे. आयुष्यभर विंगेत एकाच पायावर भार टाकून उभं राहिल्यानं उजव्या खुब्याचा सांधा पार झिजला होता. सांधा बदलायचं ऑपरेशन सरकारी विम्यात बसत होतं, तारीखही मिळत होती, आणि कुजबुजे ती दोनदा पुढे ढकलून आले होते. कारण ते दवाखान्यात पडले तर बाईंजवळ कोण? मध्यंतरी बाई एकट्याच "तालीम आहे" म्हणून बाहेर पडल्या होत्या आणि फर्निचरच्या दुकानात एका जेवणाच्या टेबलाशी ताठ बसून पहिल्या घंटेची वाट पाहत होत्या. दुकानदार भला माणूस म्हणून त्यानं रखवालदाराबरोबर घरी पोचवलं. तसं पुन्हा झालं, आणि रखवालदाराच्या जागी गर्दीचा रस्ता असला तर, या विचारानं कुजबुजे रात्री उठून दाराची कडी पुन्हा बघून यायचे.

"आता पुन्हा तारीख पुढे ढकललीत तर तुम्ही खुर्चीत बसाल, ते कायमचे," डॉक्टरांनी बजावलं. "मग बाईंना कोण सांभाळेल, याचाही विचार करून ठेवा."

म्हणून कुजबुजे काठी टेकत विमा कचेरीत गेले.

खिडकीपलीकडच्या मुलीला तिथले सगळे खिडकीवाली म्हणत. ती जेवायला बसण्याच्या बेतात होती. तिच्यापुढे तीन कप्प्यांचा डबा होता. कुजबुजेंनी आपली सगळी कहाणी पहिल्या अंकापासून सांगितली. तिनं ती मध्ये न तोडता ऐकली आणि डब्याचं झाकण काढून त्यांच्यापुढे सरकवलं.

"काका, हे बघा. हा मोठा कप्पा म्हणजे दवाखान्यात भरती. खाट, ऑपरेशन, नर्स, सगळं यात. हा मधला म्हणजे डॉक्टर, तपासण्या, औषधं. वय झालं किंवा अपंगत्व आलं की हे दोन आपोआप मिळतात. आणि हा कोपऱ्यातला छोटा म्हणजे घरी येणारी मदतनीस. हा मागून घ्यावा लागतो."

छोटा कप्पा रिकामा होता.

"मग मागतो की," कुजबुजे म्हणाले.

"नुसतं मागून नाही चालत. घरी तपासनीस येतो. माणसाला आपलं आपण करता येत नाही, हे त्याला दिसलं पाहिजे."

"बरं, पण माझ्या ऑपरेशननंतर मला मदतनीस मिळणारच आहे म्हणता. मग तीच जरा बायकोकडेही..."

"ती तुमची. तिनं बाईंना पाण्याचा पेला नेऊन दिला तरी ते नियमाबाहेर जातं." खिडकीवालीनं चमच्यानं कप्प्यांमधल्या भिंतीवर टकटक केलं. "या कप्प्यातलं त्या कप्प्यात जात नाही. आणि तुमच्या डब्यातलं त्यांच्या डब्यात तर मुळीच नाही."

इतकं सोपं करून त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. विम्याची पुस्तिका त्यांनी तीनदा वाचली होती, आणि जिला संवाद नाहीत अशा संहितेचं करायचं काय, ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी बाईंसाठी छोटा कप्पा मागितला.

तपासनीस आला तो तरुण होता, हसरा होता, आणि आल्या आल्या "कशा आहात आजी?" म्हणून त्यानं घोळ घातला.

"आजी कोण?" बाई म्हणाल्या आणि खोलीत खरोखरच इकडेतिकडे पाहू लागल्या.

कुजबुजेंनी आदल्या दिवशीच मनाशी पक्कं केलं होतं की आपण तोंड उघडायचं नाही. आपणच अर्ज केला आहे, आपल्यालाच मदत हवी आहे, बाई अडल्या तरच ती मिळणार आहे, हे एखाद्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ते स्वयंपाकघराच्या दारात पडद्याशी उभे राहिले. उजव्या बाजूला. तिथे उभं राहायला नको होतं, पण पाय आपोआपच तिथे गेले.

"मी तीन शब्द सांगतो," तपासनीस म्हणाला. "छत्री, खुर्ची, लिंबू. थोड्या वेळानं विचारीन. आता सांगा, आज वार कोणता?"

बाईंनी मान केसभर उजवीकडे वळवली.

आता यात कुजबुजेंचा दोष किती, हे ज्यानं कधी विंगेत काम केलं नाही त्यानं ठरवू नये. शिंक आल्यावर माणूस विचार करतो का? बाईंची मान वळली आणि "गुरुवार" पडद्यामागून सुटला. आपण काय केलं ते कुजबुजेंना कळेपर्यंत महिन्याचं उत्तर गेलं, सालाचं गेलं, सकाळच्या गोळ्या आणि संध्याकाळच्या गोळ्या गेल्या. एकदा ओघ लागल्यावर प्रयोग मध्येच थांबवायचा कसा? शेवटी तपासनिसानं ते तीन शब्द विचारले. बाईंनी सुंदर विराम घेतला, डोळे किंचित मिटले आणि छत्री, खुर्ची, लिंबू असे काही म्हटले की लिंबाशी येईपर्यंत तपासनीस लिहायचंच विसरला.

एकच शब्द बाईंनी कुजबुजेंकडून घेतला नाही. वय विचारल्यावर कुजबुजेंनी खरं वय दिलं होतं. बाईंनी ते कानाआड करून स्वतःचं सांगितलं आणि कार्डावर छपाईची चूक झाल्याचंही वर ऐकवलं.

"अशी स्मरणशक्ती माझी असती तर मी कुठल्या कुठे गेलो असतो," तपासनीस जाताना म्हणाला.

आठवड्याभरात निकाल आला. बाईंना मदतीची कुठलीही गरज नव्हती. उलट अशा तल्लख आणि सक्षम पत्नीमुळे पतीची ऑपरेशननंतरची काळजी घरीच उत्तम घेतली जाईल, असा शेरा मारून कुजबुजेंच्या मदतनिसालाही कात्री लावली होती. तेलही गेलं, तूपही गेलं, अशी गत झाली. कुजबुजे खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत. बाईंनी मात्र पास झाल्याचं ऐकून शेजारणीला बोलावून सांगितलं, कशात पास ते कुजबुजेंनी मागून पुरवलं.

"म्हणजे तुम्ही उत्तरं सांगत होता?" खिडकीवालीनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"हो."

"काका, तपासणीत नापास व्हायला लोक काय काय करतात! परवा एक जण धावत बस पकडून आला आणि खिडकीशी येऊन लंगडायला लागला. पण पास व्हायला कॉपी करणारा मी पहिल्यांदाच बघते. तीही स्वतःच्याच मुळावर!"

कुजबुजेंनी मान खाली घातली.

"फेरतपासणी मिळते," ती जरा मवाळ होऊन म्हणाली. "पण एकदाच. माणूस दुसरं येईल. आणि तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. शब्द काय, हुंकारसुद्धा नाही."

"मला खोलीबाहेर बसवता येणार नाही का?"

"घरचं माणूस खोलीत असावं लागतं. नियम आहे."

कुजबुजे घरी आले तेव्हा मेव्हणा येऊन बसला होता. हा बाईंचा धाकटा भाऊ. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आल्यानं त्याची अशी ठाम समजूत झाली होती की दुनियेत जे काही अडलंय ते कुणीतरी चुकीचं बटण दाबल्यामुळे. सगळं ऐकून त्यानं मांडीवर थाप मारली.

"भावोजी, तुमच्या घरात एवढी मोठी नटी बसलीय आणि तुम्ही कपाळाला हात लावून बसता! ताईला म्हणावं, विसरभोळ्या म्हातारीचं काम कर. तपासनिसाचा बाप फसेल."

"अरे, पण ती खरंच विसरते."

"ते तिला पटतं का?"

पटत नव्हतं, हे खरं होतं. आपण विसरतो हे बाईंना सांगितलं की त्या दुखावत आणि दुखावल्या होत्या हे विसरून जात. ते दुखावणं दर वेळी नवंकोरं असे. म्हणून कुजबुजेंनी तो विषय काढणं कधीच सोडून दिलं होतं. भूमिकेच्या निमित्तानं का होईना, पण तपासणीत त्या अडल्या तर बरंच, असा विचार करून त्यांनी मेव्हण्याला होकार दिला. माणूस बुडायला लागला की लिफ्टवाल्याचंही ऐकतो.

"म्हातारीचं काम मी करत नाही," बाईंनी ताबडतोब सांगितलं.

"ताई, फार अवघड भूमिका आहे गं," मेव्हणा म्हणाला. "दुसऱ्या कुणाला झेपायची नाही. बघायला सरकारी माणसं येणार आहेत."

बाईंनी शाल सावरली. "सरकारी म्हणजे? पारितोषिक समितीची?"

मेव्हण्यानं खोटं बोलणं टाळून नुसता खोकला काढला.

तालमी सुरू झाल्या. बाईंनी काय एकेक जागा काढल्या! हात थरथरला तो कोपरापासून. एक डोळा अर्धा मिटला. "हे घर कुणाचं? मी इथे कशी आले?" हे वाक्य त्यांनी असं फेकलं की खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर येऊन काय झालं ते विचारून गेलं. अडचण एवढीच होती की आज बसवलेलं उद्या राहत नव्हतं. रोज सकाळी नव्यानं भूमिका समजावून द्यायची, रोज बाईंनी म्हातारीच्या कामाला नकार द्यायचा, रोज मेव्हण्यानं खोकायचं. विसरण्याचं काम बाई विसरत होत्या आणि ते कुजबुजे त्यांना आठवून देत होते. कधी तरी त्यांचं त्यांनाच हसू यायचं.

एका संध्याकाळी मेव्हणा गेल्यावर बाई खिडकीशी बसल्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही जी बाई आहे ना नाटकातली. तिला कळतं का हो, आपण विसरतोय ते?"

कुजबुजे कपड्यांच्या घड्या घालत होते. ते थांबले.

"नाही म्हणजे, भूमिकेचा विचार करत होते. घरातलं कुणी तिला सांगत नाही?"

"लेखकानं ते लिहिलेलं नाही," कुजबुजे म्हणाले.

"लिहायला हवं होतं," बाई म्हणाल्या आणि पुन्हा बाहेर पाहू लागल्या. कुजबुजेंनी त्याच टॉवेलची दोनदा घडी घातली आणि मग उगाच स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले. त्यांना रडू आलं होतं आणि ते बाईंना दिसायला नको होतं.

फेरतपासणीच्या दिवशी मेव्हण्यानं जाता जाता शेवटचं बटण दाबलं. "भावोजी, तोंडात पाण्याची चूळ धरून बसा. म्हणजे बोलायचं म्हटलं तरी बोलता येणार नाही."

या वेळी तपासनीस म्हणून आली ती एक पोक्त परिचारिका होती, सपाट आवाजाची. तिनं आजी म्हटलं नाही, हसलीही नाही. बसली, पेनाचं टोपण काढलं. कुजबुजे मुद्दाम पडद्यापासून लांब, समोरच्या कोपऱ्यात स्टुलावर गाल फुगवून बसले होते.

"तुम्ही यांचे यजमान का?" परिचारिकेनं विचारलं.

कुजबुजेंनी मान हलवली.

"तोंडी सांगा. मला नोंद करावी लागते."

कुजबुजेंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चूळ टाकायला उठावं तर खुबा उठू देईना. शेवटी डोळे मिटून त्यांनी सगळं पाणी गिळलं आणि "हो" म्हणाले. आता त्यांच्या आणि त्यांच्या जिभेच्या मध्ये काहीच उरलं नव्हतं.

बाई मात्र रंगात आल्या होत्या. सकाळची तालीम ताजी होती. परिचारिकेनं वार विचारताच हात कोपरापासून थरथरला, डोळा अर्धा मिटला. "वार?" बाई म्हणाल्या. "मला कुठले वार नि कुठली सालं! हे घर कुणाचं? मी इथे कशी आले?" आणि त्यांनी कपाळावर हात ठेवून छताकडे पाहिलं. बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेलाही दिसावं इतकं छान पाहिलं.

परिचारिकेनं पेनाला टोपण लावलं.

"छान करता बाई," ती म्हणाली. "पण मी रोज खऱ्या माणसांना बघते. खरं माणूस असं छताकडे बघत नाही."

कुजबुजेंचं धाबं दणाणलं. संपलं सगळं. एकदाच मिळणारी तपासणी मेव्हण्याच्या बटणावर गेली. खरंच विसरणारी बाई विसरण्याचं ढोंग करताना पकडली गेली, हे आता कुणाला जाऊन सांगायचं? आणि सांगायला तोंड उघडलं की तेही नियमाबाहेर. त्यांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

परिचारिका पिशवी आवरत उठली. निघताना काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "नाटकात होता ना तुम्ही? पहिलं काम कुठलं केलंत?"

बाईंचा चेहरा उजळला. हात थरथरायचा थांबला, मिटलेला डोळा उघडला, पाठ ताठ झाली. म्हातारी कुठल्या कुठे पळाली.

"पहिलं काम!" बाई म्हणाल्या. "अहो, ते कसं विसरेन मी! नाट्यगृह नुसतं भरलेलं होतं. मी आत आले, हातात दिवा होता, आणि माझं पहिलंच वाक्य होतं..."

त्यांनी विराम घेतला आणि मान उजवीकडे केसभर वळवली.

ते वाक्य कुजबुजेंना पाठ होतं. त्या नाटकातलं प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य त्यांना पाठ होतं. दिव्याची वात कधी मोठी करायची तेही पाठ होतं. वाक्य घशापाशी आलं, जिभेवर चढलं, दातांपर्यंत पोचलं. कुजबुजेंनी दात आवळले. इतक्या वर्षांत त्यांनी तापात काम केलं होतं, आई गेली त्या दिवशी काम केलं होतं, पण रंगमंचावर उभ्या असलेल्या माणसाला एकटं कधी टाकलं नव्हतं.

बाई थांबल्या होत्या. त्यांनी मान आणखी थोडी वळवली. मग वाकबगार नटी जे करते ते त्यांनी केलं. हसल्या. शाल सारखी केली. टेबलावरचा कप उचलला, रिकाम्या कपातला एक घोट प्यायल्या, कप हलकेच खाली ठेवला. उठून खिडकीपर्यंत गेल्या, तिथून वळल्या. वेळ काढत होत्या. वाक्य येईल, आता येईल.

वाक्य आलं नाही.

परिचारिका दाराशी थबकली होती. पण ती बाईंकडे बघत नव्हती. ती कोपऱ्यातल्या स्टुलावरच्या म्हाताऱ्याकडे बघत होती, ज्याचे दात आवळलेले होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ती सावकाश परत आली, खुर्चीत बसली आणि पेनाचं टोपण काढलं.

"काका, आता बोलू नका हं," ती हळूच म्हणाली.

बाई येऊन तिच्यासमोर बसल्या. आता त्यांच्या चेहऱ्यावर कुठलीच भूमिका नव्हती. त्या पुढे झुकल्या आणि एखादी खाजगी गोष्ट सांगावी तसं म्हणाल्या, "जरा थांबाल का? माझे प्रॉम्प्टर आज आलेले दिसत नाहीत. ते नसले ना, की मला पुढचं काही येत नाही."

कुजबुजे समोरच्याच कोपऱ्यात, चार पावलांवर बसले होते.

"थांबते की," परिचारिका म्हणाली. "मला काही घाई नाही." आणि तिनं लिहायला सुरुवात केली. मधूनमधून साधे साधे प्रश्न विचारले. घरात अजून कोण असतं? जेवण कोण बनवतं? बाहेर गेलात तर परत कसं यायचं? बाई दर वेळी उजवीकडे बघत आणि मग लाजून हसत. कुजबुजेंनी सगळं ऐकलं. कुठल्याही नाटकाचा कुठलाही अंक त्यांना एवढा लांबलेला आठवत नव्हता.

"मदतनीस मंजूर करते," परिचारिकेनं निघताना जिन्याशी त्यांना सांगितलं. "तुम्ही दवाखान्यात असाल तोवर दिवसरात्र, नंतर रोज. तुमची कापलेली मदतनीसही परत लावते. ऑपरेशनची तारीख घेऊन टाका, आता पुढे ढकलू नका." मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, अवघड काम होतं. नीट केलंत."

हव्या होत्या त्या सगळ्या गोष्टी मिळाल्या होत्या. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण कुजबुजे जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते आणि आत जायचं त्यांना धाडस होत नव्हतं. आपण बाईंना भर प्रयोगात उघड्यावर टाकलं, हेच त्यांच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं. रागावल्या असतील. बोलणार नाहीत. बोलू नयेच त्यांनी.

ते आत आले, चहा केला, दोन कप घेऊन लंगडत बाहेर आले. बाई खुर्चीत बसल्या होत्या, अंगावर शाल तीच, चेहऱ्यावर प्रयोगानंतरचा थकवा. प्रयोग झाला आहे एवढं त्यांच्या अंगाला कळत होतं.

"लोक गेले का सगळे?" त्यांनी विचारलं.

"गेले."

"कसा झाला?"

"छान झाला."

बाईंनी कप हातात घेतला. "मी कुठे अडले नाही ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. एरवी कुजबुजेंनी तेच म्हटलं असतं, आणि बाईंना ते खरं वाटलं असतं. पण धंद्यातली चूक धंद्यातल्या माणसापासून लपवायची नसते, असं ते नव्या पोरांना कायम बजावत आले होते.

"एकदा अडलीस," ते म्हणाले. "पण तुझी चूक नव्हती. मी वाक्य दिलं नाही."

बाई कप तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही?"

"हो."

"तुम्ही वाक्य दिलं नाहीत?"

"नाही दिलं."

बाईंनी कप खाली ठेवला. जरा पुढे सरकून त्यांनी कुजबुजेंचा हात हातात घेतला आणि तो थोपटला.

"असू दे हो," त्या म्हणाल्या. "एवढं मनाला लावून घेऊ नका. वय झालं की माणसाला विसरायला होतं."